स्पीकरपासून उलटं मोजत या: अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय कसा ठरवावा

अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतला की आयसी (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप) कोणता घ्यायचा यावर आठवडाभर खल होतो आणि ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानात हाताला लागेल तो येतो. मला हे मनापासून खटकतं. स्पीकरचा पडदा हलवणारा करंट शेवटी पॉवर सप्लायमधूनच येतो. आयसी ही फक्त तोटी आहे, पाणी टाकीतलं. टाकी लहान असेल तर तोटी कितीही भारी घ्या, तबल्याच्या बायाँवर जोरकस थाप पडली की आवाज फाटणारच.

म्हणून हिशोब स्पीकरपासून सुरू करायचा आणि एक एक पायरी मागे येत भिंतीतल्या प्लगपर्यंत पोहोचायचं. उदाहरणाला घरच्या हॉलसाठी दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ: प्रत्येक चॅनेलला एक एलएम३८८६ आयसी, स्पीकर ८ ओहमचे, आणि प्रत्येकी ३० वॅट स्वच्छ आवाज. आयसी दुसरा असला तरी पद्धत हीच, फक्त आकडे बदलतील.

स्पीकरला काय लागतं

३० वॅट ८ ओहममध्ये द्यायचे तर व्होल्टेजचं शिखर किती? वॅट गुणिले ओहम गुणिले २, आणि त्याचं वर्गमूळ. ३० × ८ × २ = ४८०, वर्गमूळ साधारण २१.९ व्होल्ट. त्याला ८ ने भागलं की करंटचं शिखर मिळतं: २.७४ अँपिअर.

हा करंट एका वेळी सप्लायच्या एकाच बाजूने येतो. लाट वर असताना अधिक बाजूकडून, खाली असताना उणे बाजूकडून. पूर्ण लाटेवर सरासरी काढली तर एका बाजूवर एका चॅनेलचा भार शिखराला ३.१४ ने भागून येतो, म्हणजे ०.८७ अँपिअर. दोन चॅनेलचे मिळून १.७४ अँपिअर. हा आकडा कागदावर वेगळा लिहून ठेवा, पुढे तीन ठिकाणी लागणार आहे.

तिथून ट्रान्सफॉर्मरपर्यंत

स्पीकरला २१.९ व्होल्ट हवेत. आयसी स्वतःसाठी काही व्होल्ट ठेवून घेतो, ते ४ धरू. सप्लायमधल्या वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज दोन भरण्यांच्या मधे खाली उतरतं, त्यासाठी ३.५ व्होल्ट. डायोडमध्ये १ व्होल्ट जातो. शिवाय कॅपॅसिटर भरताना ट्रान्सफॉर्मरमधून करंटचे मोठे हिसके जातात आणि वायंडिंगच्या रेझिस्टन्समुळे लाटेचा माथा चेपतो, त्याचे दीड व्होल्ट. सगळं मिळवलं की ३१.९. इतकं शिखर सेकंडरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर वीज देणाऱ्या वायंडिंगच्या, प्रत्येक अर्ध्या भागावर भार असताना मिळालं पाहिजे. १.४१४ ने भागलं की २२.६ व्होल्ट एसी.

बाजारात सहज मिळणारा त्याच्या वरचा ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, म्हणजे मधल्या तारेपासून (सेंटर टॅप) दोन्ही टोकांना २४ व्होल्ट देणारा. तोच घ्यायचा. वरचे दीडएक व्होल्ट फुकट जाणार नाहीत, कारण संध्याकाळी लाइन २३० वर राहील याची खात्री कुठे देता येते? २१० व्होल्टवर हाच हिशोब पुन्हा केला तर सुमारे २७ वॅट मिळतात. ३० आणि २७ मधला फरक कानाला कळतही नाही.

आता अँपिअर. इथे बहुतेक जण फसतात. डीसी १.७४ अँपिअर हवा म्हणून २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि तो तापतो. कॅपॅसिटर लावलेल्या रेक्टिफायरमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमध्ये) करंट सलग वाहत नाही, प्रत्येक अर्ध्या लाटेच्या माथ्यावर दोन-तीन मिलिसेकंदांपुरताच येतो आणि तेवढ्यात दहा मिलिसेकंदांची भरपाई करतो. अशा हिसक्यांनी वायंडिंग तापतं ते सरासरीच्या मानाने खूप जास्त. म्हणून डीसी करंटला १.८ ने गुणा: १.७४ × १.८ = ३.१. तेव्हा २४-०-२४, ३ अँपिअर, म्हणजे सुमारे १५० व्हीए (दोन्ही भागांचे मिळून ४८ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर). हा हिशोब सतत पूर्ण आवाजाचा आहे. प्रत्यक्ष संगीतात सरासरी याच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास कोमट राहतो.

खरेदी करताना लेबलवर विसंबू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एकाच लेबलचे दोन ट्रान्सफॉर्मर हातात घेतले तर वजनातला फरक जाणवतो. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचं वायंडिंग हे त्याचं एक कारण असतं. दुकानदाराला सरळ विचारा, ‘कॉपर वायंडिंग आहे ना?’ आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

२४ लिहिलं म्हणजे २४ नव्हे

ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पूर्ण भाराचा असतो. भार नसताना व्होल्टेज आठ-दहा टक्के वर जातं. २४ चे २६.४ होतात, त्याला १.४१४ ने गुणलं आणि डायोडचं थोडं वजा केलं की कॅपॅसिटरवर ३६ ते ३७ व्होल्ट दिसतात. त्यात लाइन चढली तर?

ही चूक मी केली आहे. पहिला सप्लाय गावी बसवला तेव्हा ३५ व्होल्टचे कॅपॅसिटर लावले होते. दुकानात म्हणाले, २४ च्या ट्रान्सफॉर्मरला ३५ चे पुरतात, आणि मी मोजून न बघता मान डोलावली. संध्याकाळी शेतीचे पंप चालू असताना लाइन १९० पर्यंत बसायची, तेव्हा सगळं ठीक चाललं. रात्री साडेदहाला पंप बंद झाले आणि मीटरवर २५५ आले. मी शेजारच्याच खोलीत होतो. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग धाडकन. उघडून बघितलं तर एका कॅपॅसिटरचं डोकं फुलीच्या खाचेवर फाटलेलं, आतला कागद आणि चिकट द्रव सगळ्या बोर्डावर, आणि अमोनियासारखा उग्र वास. समोर चेहरा असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

२५५ व्होल्टवर, भार नसताना, हिशोब ४०.७ व्होल्टवर जातो. म्हणून कॅपॅसिटर किमान ५० व्होल्टचे, आणि जागा व पैसे असतील तर ६३ चे. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आयसीची मर्यादाही याच आकड्याने तपासायची. एलएम३८८६ ला दोन्ही बाजू मिळून ८४ व्होल्टपर्यंत चालतात. आपले ४०.७ चे दुप्पट ८१.४, म्हणजे बसलं, पण काठावर. ‘जरा जास्त पॉवर मिळेल’ म्हणून ३०-०-३० लावणाऱ्यांनी हाच हिशोब करून बघावा. साध्या २३० व्होल्टवरच भार नसताना दोन बाजू मिळून ९० च्या वर जातात.

ब्रिज

ब्रिज म्हणजे चार डायोडचा रेक्टिफायर. यात फार विचार करायचं कारण नाही. चौकोनी धातूचा केबीपीसी२५१० घ्या. २५ अँपिअर, १००० व्होल्ट. गरजेच्या मानाने मोठा वाटेल, पण स्विच टाकल्याक्षणी रिकामे कॅपॅसिटर जवळजवळ शॉर्टसारखे वागतात आणि पहिला हिसका डायोडलाच सोसावा लागतो. १एन४००७ या जागी नको, तो १ अँपिअरचा आहे. पूर्ण भारावर ब्रिजमध्ये साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता होते, तेव्हा मधल्या भोकातून स्क्रू टाकून, खाली थोडी हीटसिंक पेस्ट लावून तो कॅबिनेटच्या पत्र्याला आवळा.

सेकंडरीची दोन टोकं ब्रिजच्या एसी खुणेच्या पायांना. सेंटर टॅप ब्रिजला लागतच नाही, ती सरळ दोन कॅपॅसिटरच्या सांध्यावर जाते. ब्रिजचा अधिक पाय पहिल्या कॅपॅसिटरच्या अधिकला, उणे पाय दुसऱ्या कॅपॅसिटरच्या उणेला. दुसऱ्या कॅपॅसिटरचा अधिक पाय शून्याकडे येतो, हे वीज देण्यापूर्वी बोट ठेवून दोनदा तपासा. तिथे उलटं लागलं तर काही सेकंदांत स्फोट.

कॅपॅसिटर किती

रेक्टिफायरनंतर दर सेकंदाला १०० वेळा भरणी होते, म्हणजे दोन भरण्यांमध्ये १० मिलिसेकंद. एवढा वेळ अ‍ॅम्प्लिफायर कॅपॅसिटरमधल्या साठ्यावर जगतो. नळाला पाणी येईपर्यंत घर जसं पिंपावर चालतं तसं. सूत्र सोपं आहे: करंट गुणिले वेळ, भागिले मान्य असलेला उतार. राखलेल्या साडेतीनपैकी अडीच व्होल्टच उतार धरू: १.७४ × ०.०१ ÷ २.५ = ०.००७ फॅरड, म्हणजे ७००० मायक्रोफॅरड.

पुष्कळ ठिकाणी हिशोब इथेच थांबतो. पण सरासरी करंट धरून केलेला हा हिशोब खर्जाला फसवा आहे. ४० हर्ट्झचा स्वर घ्या, त्याची अर्धी लाट १२.५ मिलिसेकंदांची, म्हणजे दोन भरण्यांमधल्या वेळेपेक्षा लांब. त्या पूर्ण काळात एकच बाजू सगळा भार वाहते, दुसरी मोकळी असते. अर्ध्या लाटेपुरती सरासरी काढली तर एका चॅनेलला १.७४ आणि दोघांचे ३.४८ अँपिअर होतात. ७००० मायक्रोफॅरडवर उतार ५ व्होल्टचा होईल, आपण तर साडेतीनच राखून ठेवलेत. १०,००० वर तो बरोबर साडेतीनवर येतो.

म्हणून प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅरड. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये वीस टक्के इकडेतिकडे असतं, त्यामुळे मी एकच १०,००० चा घेण्यापेक्षा ६८०० चे दोन समांतर लावतो. दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे: भरणीचा हिसका दोघांत वाटला जातो, दोघंही कमी तापतात आणि जास्त वर्षं टिकतात. १०५ अंशांची खूण असलेलेच घ्या, आणि हीटसिंकपासून चार बोटं तरी लांब बसवा.

मग ५०,००० का नको? कॅपॅसिटर जितका मोठा तितका भरणीचा हिसका अरुंद आणि उंच. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज जास्त तापतात, स्विच टाकताना फ्यूज उडतो आणि आवाजात फरक पडत नाही. तो पैसा ट्रान्सफॉर्मरवर लावा.

व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा रेग्युलेटरही इथे नको. या जातीच्या आयसीला सप्लायमधला रिपल (व्होल्टेजचा चढउतार) बऱ्यापैकी दाबता येतो, आणि एवढ्या करंटचा रेग्युलेटर म्हणजे आणखी एक तापणारं यंत्र. प्रीअ‍ॅम्पला मात्र रेग्युलेटर हवाच. तिथे सावध राहा: ७८१५ या १५ व्होल्टच्या रेग्युलेटरला आत जास्तीत जास्त ३५ व्होल्ट चालतात आणि आपल्याकडे भार नसताना ३७ आहेत. सरळ जोडला की जाईल. त्याच्यासाठी १५-०-१५ चा छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला की प्रश्न मिटतो.

लहान वस्तू

प्रत्येक बाजूच्या कॅपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर. वीज बंद केल्यावर तो पाऊण मिनिटात व्होल्टेज ५ च्या आसपास आणतो. १०,००० मायक्रोफॅरडमध्ये ३७ व्होल्टला जवळजवळ ७ ज्यूल ऊर्जा असते, स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर ठिणगीने खड्डा पाडायला ती पुरते. आयसीच्या पायांशी, अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर आणि त्यासोबत १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक. प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूच्या) फेजमध्ये १ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे उशिरा वितळणारा, फ्यूज. साधा फ्यूज पहिल्याच हिसक्यात जातो. स्विच फेजमध्येच तोडणारा हवा.

जोडणी: हमिंग इथेच जन्माला येतं

हिशोब अचूक, वस्तू उत्तम, आणि तरी स्पीकरमधून घुर्र येतं. नव्वद टक्के वेळा कारण शून्याच्या तारेत असतं.

सेंटर टॅपपासून कॅपॅसिटरच्या सांध्यापर्यंतच्या तारेतून भरणीचे हिसके जातात, १.७४ अँपिअरच्या भारावर ते सात-आठ अँपिअरचे असतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ५ सेंटिमीटर तारेचा रेझिस्टन्स ०.०००८६ ओहम. नगण्य वाटतं ना? ८ अँपिअरने गुणा: ७ मिलिव्होल्ट. आता इनपुटची शून्य तार चुकून या तुकड्याच्या त्या टोकाला, सेंटर टॅपच्या बाजूला लागली, तर हे ७ मिलिव्होल्ट संगीतासोबत आयसीत शिरतात. वीस पटीने वाढून स्पीकरवर १४० मिलिव्होल्ट. शांत खोलीत ते समोरच्या खुर्चीवर ऐकू येतात.

तेव्हा नियम असा. दोन कॅपॅसिटरचे शून्याचे पाय तांब्याच्या जाड पट्टीने एकत्र जोडा. सेंटर टॅप त्या पट्टीवर आणा. पट्टीच्या मध्यातून एक आखूड फांदी बाहेर काढा आणि तिच्या टोकाला सगळ्या शून्य तारा बांधा: दोन स्पीकरची परतीची तार, दोन आयसींची शून्य तार, इनपुटची शून्य तार. भरणीचे हिसके पट्टीतच फिरून परत जातात, फांदीकडे वळत नाहीत. मी एकदा दोन दिवस हमिंग शोधत होतो. इनपुटची एक काळी तार पट्टीवरून काढून तीन इंच पलीकडे फांदीच्या टोकाला डाग दिला आणि घुर्र तिथल्या तिथे थांबलं. दुसरं काहीही बदललं नव्हतं.

ट्रान्सफॉर्मरपासून ब्रिजपर्यंतच्या तिन्ही तारा वेणीसारख्या पिळून घ्या. इनपुटच्या तारा त्यांच्यापासून लांब, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

कॅबिनेटच्या पत्र्याला प्लगच्या अर्थिंगची तार स्वतंत्र स्क्रूने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा. फांदीचं टोकही पत्र्याला एकाच जागी जोडा. हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. प्रायमरीची एक तार सुटून पत्र्याला लागली की तो अ‍ॅम्प्लिफायर जीव घेऊ शकतो.

आवाजावरून दोष ओळखता येतो. तीक्ष्ण, किरकिरं, माशी घोंगावल्यासारखं असेल तर ते १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरचे अंश: शून्याची जोडणी बघा. मऊ, खोल ‘हूं’ असेल तर ५० हर्ट्झ: ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र इनपुटमध्ये शिरतंय किंवा टीव्ही-कॉम्प्युटरकडून दुसरी अर्थिंग येतेय. ट्रान्सफॉर्मर सैल करून थोडा फिरवून बघा, एका कोनात आवाज पडतो. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना हे जास्त बोचतं. काळी एक पट्टीत तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. तिच्या शेजारी ५० आणि १०० चे दोन स्वर अखंड वाजत राहिले तर आलापातली शांतता उरतच नाही.

पहिल्यांदा वीज देताना

सिरीज बोर्ड वापरा: प्लगच्या फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी बल्ब चालत नाही. आयसी अजून जोडू नका. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर जोडणी ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कॅपॅसिटर उलटा आहे.

बल्ब काढून दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजा. २३० लाइनवर ३६-३७, आणि दोन्हींमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

मग भार. २२ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर एका बाजूवर लावा, दीड-एक अँपिअर जाईल. तो भयंकर तापतो, विटेवर ठेवा, मिनिटभरच चालवा. व्होल्टेज ३३-३४ वर आलं पाहिजे. ३० च्या खाली गेलं तर ट्रान्सफॉर्मर लेबलाएवढा नाही. त्याच वेळी मल्टिमीटर एसी रेंजवर घेऊन रिपल मोजा. स्वस्त मीटर एसी रेंजवरही डीसी दाखवतात, म्हणून लाल तारेत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर सिरीजमध्ये घाला. १०,००० मायक्रोफॅरडला ०.३५ ते ०.४५ व्होल्ट दिसेल, ६८०० च्या जोडीला त्याहून थोडं कमी. दुपटीहून जास्त आलं तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा आहे आणि अर्धीच लाट वापरली जातेय.

दुसऱ्या बाजूचंही असंच करा. मग कॅपॅसिटर रिकामे होऊ द्या, मीटरने खात्री करा, आयसी जोडा, पुन्हा सिरीज बोर्डवरूनच सुरुवात करा. स्पीकर लावण्याआधी आउटपुटला डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट हवेत, पाव व्होल्ट दिसला तरी स्पीकर लावू नका. इनपुट शॉर्ट करून कान स्पीकरच्या पडद्याला लावा: एक हलका ‘हिस्स’ ऐकू येईल, तेवढाच.

स्पीकर ४ ओहमचे असतील तर हाच सप्लाय लावू नका. तेवढ्याच ३० वॅटला व्होल्टेज कमी लागतं आणि करंट जास्त: १८-०-१८, साडेचार अँपिअर, प्रत्येक बाजूला १५,००० मायक्रोफॅरड. २४ चा लावला तर आयसी तापून स्वतःला बंद करत राहील.

झाकण लावण्याआधी एक काम ठेवा. मोजलेले सगळे आकडे, म्हणजे लाइनचं व्होल्टेज, भाराशिवायचं, भारावरचं, दोन्ही बाजूंचा रिपल आणि तारीख, एका कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाच-सहा वर्षांनी हमिंग वाढलं आणि तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी झाकण उघडलं, तर तोच रेझिस्टर लावून पुन्हा मोजता येईल. रिपल ०.४ चा ०.७ झालेला दिसला की कॅपॅसिटर सुकलेत.